खालच्या मीटरला न कळलेलं

बहारीनला मी नेमकं काय काम करत होतो, हे गावी कुणाला शेवटपर्यंत समजावता आलं नाही. आई विचारायची, "रेडिओत आहेस म्हणजे गाणी लावतोस काय रे?" दोन-तीनदा सांगून पाहिलं, मग हात टेकले आणि म्हटलं, "हो, लावतो." निदान तिला शेजारणीला सांगायला काहीतरी झालं.

खरं काम असं होतं. मोबाइल तेव्हा फक्त मोठ्या साहेबांच्या हातात दिसायचा. पाण्याचे टँकर, माल पोचवणाऱ्या गाड्या, सिक्युरिटीवाले, या सगळ्यांकडे बोलायला वायरलेस सेट असत. गाडीतला सेट बारका, त्याचा आवाज फार लांब जात नाही. म्हणून बेटावर ठिकठिकाणी मनोऱ्यांवर आणि उंच इमारतींच्या गच्चीवर अँटेना लावलेल्या असत, आणि त्यांच्या पायथ्याशी एका केबिनमध्ये मशीन. त्याला रिपीटर म्हणायचं. तो अशक्त आवाज पकडतो आणि जोर लावून पुन्हा सगळीकडे सोडतो. त्याचा जोर शाबूत आहे की नाही, हे बघत आम्ही वरच्या अंगाच्या हिद्द गावापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत पिकअप घेऊन फिरायचो.

त्यासाठी एक मीटर असतो. मशीन आणि अँटेनाला जाणारी केबल यांच्या मध्ये तो जोडायचा. किती पॉवर वर गेली ते काटा सांगतो. मग मीटरच्या तोंडाशी एक गोल तुकडा असतो तो उलटा फिरवायचा, की तोच काटा किती पॉवर वरून परत आली ते सांगतो. परत जास्त येत असेल तर समजायचं, वर काहीतरी बिनसलंय. आणि बहारीनच्या हवेत बिनसायला काय लागतं? चारी बाजूंनी समुद्र. ऑगस्टात तर अशी दमट हवा की घरातून बाहेर पडलं की चष्म्यावर वाफ. मीठ कुठे शिरणार नाही? नवा कोरा पितळी कनेक्टर वर्षभरात हिरवा व्हायचा.

माझ्या जोडीला एक चाचा होते. म्हसळ्याकडचे कोकणी मुसलमान, माझ्या वडिलांच्या वयाचे. उमेदीची सगळी वर्षं आखातात मनोरे चढण्यात गेलेली, आणि आता गुडघ्यांनी संप पुकारला होता. त्यामुळे चढायचं मी आणि खालून सूचना करायच्या त्यांनी. सूचना कसल्या, शिव्याच. "अरे हळू चढ, तुझ्या बापाचा माड नाय तो!" मी वरून ओरडायचो, "तुम्ही या ना मग!" माझं डोकं तापट. आता साठी उलटली तरी फार फरक नाही, फक्त ओरडून झाल्यावर धाप लागते. चाचांना माझ्या ओरडण्याचं काही वाटत नसे. ते पिकअपच्या सावलीत खुर्ची टाकून थर्मासमधला चहा ओतत बसायचे.

त्यांचा एक नियम मात्र दगडावरची रेघ होता. जो वर चढेल त्याच्या खिशात मशीनचा फ्यूज. अँटेनातून पॉवर सुटत असताना तिला हात लागला तर वरून काही दिसत नाही, पण कातडी आतून भाजते. खाली कुणी विसरून बटण दाबलं तर? म्हणून फ्यूज काढायचा, चढणाऱ्याने स्वतःच्या हाताने खिशात घालायचा, आणि मगच पहिल्या पायरीवर पाय. मी एकदा कंटाळा केला तर त्यांनी पायाला धरून खाली ओढलं होतं.

महिन्याची मोठी तपासणी आम्ही दर शुक्रवारी सकाळी थोडी थोडी उरकायचो. सुट्टीचा दिवस, रस्ते मोकळे, वायरलेसवर बडबड कमी. चाचांच्या जुम्म्याच्या नमाजाआधी आटपायचं, एवढंच पथ्य. यात एक अडचण होती. मीटर नुसता जोर सांगतो. आवाज प्रत्यक्षात कसा पोचतोय, हे लांब बसलेल्या माणसाने कानाने ऐकूनच सांगावं लागतं. आम्ही माइकमध्ये एक ते दहा आकडे मोजायचो आणि सलमाबादच्या आमच्या वर्कशॉपमधला ऑपरेटर सांगायचा, ठीक आहे किंवा नाही. पण शुक्रवारी तो गादीवर. मग चाचा पिकअप घेऊन लांब जायचे, तिथून ऐकायचे, परत यायचे. त्यात निम्मी सकाळ जायची.

लग्नानंतर दोन वर्षांनी माझ्या बायकोचा फॅमिली व्हिसा झाला आणि ती गुदैबियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आली. तिसरा मजला, लिफ्ट बहुतेक वेळा बंद, खाली कोल्ड स्टोअर. तिकडे किराणामालाच्या दुकानाला कोल्ड स्टोअरच म्हणतात. दुकानदार केरळचा. ही त्याच्याशी मराठीतून भांडायची, तो मल्याळममधून, आणि टोमॅटो मात्र चांगले मिळायचे. महिन्याभरात ती मला सांगायला लागली होती की कुठल्या मजल्यावरची बाई आज नवऱ्यावर चिडलीय. जिन्यावरच्या पावलांवरून तिला कळायचं. चाचा शुक्रवारी दुपारी जेवायला यायचे. ते दुसऱ्या मजल्यावर असतानाच ती म्हणायची, "आज चाचांचा उजवा गुडघा दुखतोय, चटई नको, खुर्ची काढा." आणि खरोखर चाचा लंगडत आत यायचे.

चाचा तिला "बाय" म्हणायचे, आमच्याकडे लेकीसुनेला म्हणतात तसं. त्यांची स्वतःची बायको आणि मुली म्हसळ्याला. दोन वर्षांतून एकदा भेट. माझ्या बायकोच्या हातची सुक्या जवळ्याची चटणी खाल्ली की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि ते म्हणायचे, "तिखट झालीय गो." ती तिखट नसायची.

दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले. मी सुधारलो होतो, अगदी सामानाच्या पिशव्या स्वतः तीन मजले वर न्यायचो. आठव्या महिन्यात एका दुपारी तिच्या पोटात दुखायला लागलं. चाचांनी पिकअप अशी हाणली की मला वाटलं, आधी आम्हीच जातोय. हॉस्पिटलात तिला आत नेलं आणि मला बाहेर बसवलं. त्या काळी नवऱ्याला आत कोण घेतं? मी भिंतीकडे बघत बसलो. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मुलगी होती. पोटातच गेली होती, ते म्हणाले. तिने श्वास घेतलाच नाही.

मला आत सोडलं तेव्हा बायको छताकडे बघत होती. मला बघून तिने पहिली गोष्ट काय सांगितली असेल? "रडली हो ती. एकदा रडली. मी ऐकलं."

मी डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनी हळूच नकारार्थी मान हलवली. वाईट माणूस नव्हता तो. मला बाजूला घेऊन म्हणाला, औषधाच्या गुंगीत असं होतं, पुष्कळ आयांना वाटतं तसं. केरळची एक नर्स होती, तिने माझ्या बायकोचा हात हातात घेतला आणि तीही तेच म्हणाली. आणि मी? मला वाटलं, हिच्या मनात ही आशा राहिली तर हिला जास्त त्रास होईल. आपण बिचारीला समजावू या. म्हणून मी तिच्या कपाळावरून हात फिरवत म्हटलं, "नाही गं. भास झाला तुला."

तिने तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी चाचा आणि मी मुलीला मातीत ठेवून आलो. चाचांनी आपल्या अंगावरची शाल तिच्याभोवती गुंडाळली होती. मला त्या शालीचा रंगही आता आठवत नाही.

घरी आल्यावर तिने बोलणं सोडलं. म्हणजे अगदीच मुकी झाली नव्हती. "जेवा." "हो." "ठेवलंय." एवढंच. खालच्या दुकानदाराशीसुद्धा भांडेना, तो बापडा कसलेही टोमॅटो द्यायचा आणि ती ते घ्यायची. एकदाच, कपड्यांच्या घड्या करता करता, ती सरळ बोलली. म्हणाली, "ती रडली असेल तर ती आली होती. थोडा वेळ का होईना, ती माझ्याकडे आली होती. तुम्ही म्हणता तसं असेल तर कुणी आलंच नव्हतं." मी म्हटलं, "असा विचार नको करूस." झालं, पुन्हा कुलूप.

मग तिच्या भावाचा फोन आला. तिला गावी पाठवा म्हणाला, थोडे दिवस माहेरी राहील. मीही हो म्हटलं, तिकीट काढलं. पण तिची बॅग भरण्याची रीत काही वेगळीच होती. सणाच्या साड्या, तिचा पोळपाट, देव्हाऱ्यातली छोटी अन्नपूर्णा. थोड्या दिवसांसाठी जाणारी बाई पोळपाट घेऊन जाते का? मी विचारलं, "परत येणार ना?" ती म्हणाली, "कशाला?"

चाचांना मी पिकअपमध्ये सांगितलं. ते "यल्ला" म्हणाले, म्हणजे अरबीत चला, आणि गाडी काढली. सलमाबादला पोचल्यावर वर्कशॉपमधून एक हातातला सेट आणि चार्जर घेऊन आले आणि माझ्या मांडीवर ठेवला. "या शुक्रवारी बाय ऐकेल," ते म्हणाले. "माझे गुडघे गेले. मी नाय लांब जात आता गाडी घेऊन."

"ती बोलत नाही चाचा, ती काय सांगणार?"

"बोलायला कोण सांगतंय? बटण दाबता येतं ना? दोनदा दाबलं की ठीक, एकदा दाबलं की नाय. खलास."

आणि ते खरंच होतं. वायरलेसवाले घाईत असले की तसंच करतात. बटण दाबून सोडलं की समोरच्याला टक् असा आवाज येतो. दोन टक् म्हणजे कळलं. मला वाटलं, ती ऐकायचीही नाही. पण मी जेवणाच्या टेबलावर सेट ठेवून म्हटलं, चाचांचे गुडघे दुखतायत, जरा मदत कर, तेव्हा तिने सेट उचलून बघितला आणि विचारलं, "कुठलं बटण?"

पहिल्या शुक्रवारी आम्ही दक्षिणेकडच्या मनोऱ्यावर गेलो. मी माइकमध्ये म्हटलं, "एक, दोन, तीन, चार..." दहापर्यंत गेलो आणि थांबलो. मग टक् टक्. चाचांनी माझ्याकडे बघून मिशी पिळली. पुढच्या ठिकाणी पुन्हा. टक् टक्. घरी आठवडाभर हो आणि नाही यापलीकडे न जाणारी माझी बायको बेटाच्या दुसऱ्या टोकावरून मला सांगत होती की तुम्ही ऐकू येताय. मी कारण नसताना एका ठिकाणी दोनदा आकडे मोजले. चाचा म्हणाले, "मशीन तपासतोयस की बायको?" मी म्हटलं, "गप बसा हो!"

त्या दुपारी मी घरी गेलो तर ती म्हणाली, "सात म्हणताना तुम्ही श्वास घेता." एवढंच. पण कितीतरी दिवसांत विचारल्याशिवाय ती पहिल्यांदा काहीतरी बोलली होती. मी त्या सातावर अर्धी भाकरी जास्त खाल्ली.

पुढच्या शुक्रवारी हिद्द होतं. तिचं विमान त्यानंतर लगेचच्या आठवड्यात.

हिद्दचा मनोरा समुद्राच्या अगदी जवळ. शेजारी कोळ्यांच्या होड्या उलट्या घालून ठेवलेल्या, आणि पलीकडे कारखान्यांसाठी भराव घालून केलेली मोकळी जमीन. त्या दिवशी शमाल सुटला होता. शमाल म्हणजे तिकडचा उत्तरेचा वारा, डोळ्यांत वाळू घालतो. मी केबिनमध्ये मीटर जोडला. वर जाणारी पॉवर भरपूर, परत येणारी नावापुरती. असा निकाल बघितला की आमचा साहेब खूश व्हायचा. मला बरं वाटलं, लवकर आटपेल. माइक घेतला आणि दहापर्यंत मोजलं.

टक्.

मला वाटलं, दुसऱ्यांदा दाबायला विसरली. पुन्हा मोजलं. पुन्हा एकच टक्. मी मीटर बघितला, काटा जागच्या जागी. माझा हातातला सेट कानाला लावला, आवाज स्वच्छ. माझ्या डोक्यात तिडीक जायला लागली. "अगं, नाही म्हणजे काय नाही? नीट ऐक जरा," मी माइकमध्येच म्हटलं आणि तिसऱ्यांदा मोजलं.

यावेळी टक् आलं नाही. तिचा आवाज आला. "अहो, मोहरी तडतडतेय."

"गॅस बंद कर मग आधी."

"गॅसवर नाही. तुमच्या आवाजात. मध्येच तडतडते, मध्येच थांबते."

मी पुन्हा काट्याकडे बघितलं. इतकी वर्षं हे काम करतोय, मीटर समोर आहे, काटा बोलतोय की सगळं ठीक आहे. आणि माझ्या तोंडातून गेलं, "काही नाहीये गं. मीटर बघतोय मी. भास होतोय तुला."

शब्द बाहेर पडला आणि मला कळलं मी काय बोललो. मी हाक मारली, ऐकतेस का, ऐकतेस का. काही नाही. वारा केबिनच्या पत्र्यावर वाळू मारत होता. चाचा दारात उभे होते, त्यांच्याही हातात सेट होता, त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते मला नेहमीसारखी शिवी देतील असं वाटलं. पण ते फक्त म्हणाले, "चढायचं असेल तर लवकर चढ. मला जुम्मा आहे."

मी फ्यूज काढला, खिशात घातला आणि चढलो. वाऱ्याने शिडी गुणगुणत होती. रागात होतो, कुणावर ते माहीत नव्हतं. वर पोचलो आणि बघितलं, वाऱ्याच्या झोताबरोबर अँटेना किंचित हलत होती, आणि तिच्या बुडाशी केबल जिथे जोडली होती तिथली टेप फाटून फडफडत होती. टेप सोडली. आतला कनेक्टर हिरवागार, आणि त्याचा नट बोटांनी फिरत होता. वाऱ्याने अँटेना हलली की आतलं तोंड सुटायचं, पुन्हा टेकायचं. मोहरीच तडतडत होती ती. मनोऱ्याच्या पायथ्याशी आवाज इतका जोरात येतो की असली बारीक खोट कानाला कळत नाही. चार-पाच मैलांवर, बंद खिडकीच्या घरात बसून ऐकलं तर कळते.

पण मग मीटर? तो खोटं बोलत होता का? मी दोरीने दुसरा मीटर वर ओढून घेतला. अँटेना काढून तिच्या जागी, पॉवर हवेत न सोडता आतच जिरवणारा एक डबा असतो, तो लावला. आता वर काही धोका नव्हता, म्हणून फ्यूज पिशवीत घालून खाली सोडला. चाचांनी तो बसवून मशीन चालू केलं. मी वरचा काटा बघितला आणि बघतच राहिलो. खालून निघालेली निम्मी पॉवरसुद्धा वर पोचत नव्हती.

केबलमध्ये पाणी उतरलं होतं. वर जाणारी पॉवर ती केबल वाटेत खात होती. सैल अँटेनावरून जी परत फिरत होती, तीही खाली येता येता केबलच खात होती. खालच्या मीटरपर्यंत फारसं काही पोचतच नव्हतं, म्हणून त्याला सगळं ठीक दिसत होतं. मीटर चांगला होता. मी तो चुकीच्या जागी लावला होता.

मी तिथे पट्टा अडकवून बसलो. खाली होड्या दिसत होत्या, त्यापलीकडे मुहर्रकची घरं, आणि त्याच्याही पलीकडे धुरकट गुदैबिया. आणि मला रडू आलं. अहो, मी तर बाहेर बाकावर बसलो होतो. मध्ये दोन दरवाजे होते. डॉक्टरांचं लक्ष त्या वेळी तिच्या रक्तस्रावाकडे असणार, नर्सची धावपळ चाललेली असणार. त्या खोलीत कान देऊन ऐकणारं एकच माणूस होतं. खरं काय झालं ते देव जाणे. पण मला काय माहीत होतं, की मी तिला "नाही" म्हणावं?

खालून चाचा ओरडले, "झोपलास काय रे वर?" मी पुन्हा फ्यूज मागवून खिशात घातला. अख्खी केबल बदलणं त्या दिवशी शक्य नव्हतं. टोकाचा कुजलेला तुकडा कापून टाकला, नवा कनेक्टर बसवला, अँटेना आवळली, त्यावर टेपचे थरावर थर दिले. खाली उतरलो, फ्यूज बसवला आणि माइक घेतला.

"ऐकतेस का? तुझं बरोबर होतं. वर जोड सैल झाला होता. मला खाली कळत नव्हतं. आता मोजतो, ऐक." आणि मोजलं.

मग टक् टक्. बोलली मात्र नाही.

चाचांना मी मुहर्रकच्या मशिदीपाशी सोडलं. ते उतरता उतरता म्हणाले, "आज जेवायला नाय येत मी. तू जा." मी एकटा गुदैबियाला आलो. ती पुढे गावी गेलीच. दोन महिने राहिली आणि परत आली, पोळपाट आणि अन्नपूर्णेसकट, आणि पुढे आमचा मुलगा तिथेच शाळेत गेला. तो मराठीत विचारलेल्याचं इंग्रजीत उत्तर देतो, तो भाग वेगळा. पण त्या शुक्रवारी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. मी दोन-दोन पायऱ्या घेत तीन मजले चढलो.

ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसून लसूण सोलत होती. सेट बाजूला बंद करून ठेवला होता. मी हातही न धुता तिच्यासमोर बसलो.

"पोरगी रडली होती," मी म्हटलं.

तिचा हात थांबला. "डॉक्टर नाही म्हणाले."

"डॉक्टर काय म्हणाले ते माहीत आहे मला. मी बाहेर होतो. तू आत होतीस. तू ऐकलंस म्हणजे ती रडली."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिला बरं वाटावं म्हणून बोलतोय का, हे ती माझ्या आवाजात शोधत होती. शोधू दिलं. मग मला जे विचारायचं होतं ते विचारलं. रडली का, हे तिला सगळ्यांनी विचारलं होतं आणि त्याचं उत्तरही सगळ्यांनीच देऊन टाकलं होतं. हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

"कशी रडली गं?"

तिने हातातला लसूण खाली ठेवला. पदराला हात पुसले. डोळे मिटले, अगदी लहान श्वास घेतला आणि तो आवाज काढून दाखवला. बारीक, जेमतेम ऐकू येईल असा, सुरू होता होताच मध्ये तुटलेला. दुपारच्या त्या स्वयंपाकघरात मी माझ्या लेकीचा आवाज ऐकला.

मी म्हटलं, "अजून एकदा."

तिने माझा हात धरला आणि नाही म्हणून मान हलवली.

"एकदाच रडली हो ती."